हिंसा-प्रतिबंधाचे संशोधन : प्रवाह आणि उणिवा (विशेष संदर्भ : भिवंडी)

प्रस्तावना :
दंगलीचा इतिहास लिहिला जातो. टळलेल्या दंगलीचा सहसा लिहिला जात नाही. दंगलीनंतर पंचनामे, खटले व आयोगांचे अहवाल शिल्लक राहतात. शांततेमागे कागद उरत नाहीत. हिंसा-प्रतिबंधाच्या संशोधनातील मूलभूत उणीव साधनांच्या या असमतोलात आहे, असे प्रस्तुत निबंधात भिवंडीच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

संशोधनाचे प्रवाह :
पहिला प्रवाह चौकशी आयोगांचा होय. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. पाठोपाठ जळगाव व महाड येथेही हिंसाचार झाला. न्यायमूर्ती मादन आयोगाने तणाव वाढविणाऱ्या संघटनांची व पोलिसांच्या पक्षपाताची परखड नोंद केली. मात्र आयोग घडलेल्या घटनेची जबाबदारी निश्चित करतो; न घडलेल्या घटनेचा शोध घेणे हे त्याचे कार्य नव्हे.

दुसरा प्रवाह सार्वजनिक आरोग्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या अहवालाने व्यक्ती, नातेसंबंध, समुदाय व समाज अशा चार स्तरांवर हिंसेची कारणे तपासली व हिंसा टाळता येते हा विचार रुजविला.

तिसरा प्रवाह तुलनात्मक अभ्यासाचा. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये अलीगढ-कालिकत यांसारख्या शहरांच्या जोड्यांची तुलना करून आंतरधर्मीय नागरी संघटनांचे महत्त्व दाखविले. स्टीव्हन विल्किन्सन यांनी २००४ मध्ये राज्य सरकारांच्या निवडणूक-हिताकडे लक्ष वेधले.

भिवंडीचा अनुभव :
मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा होरपळली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुस्लिम नागरिकांच्या मोहल्ला समित्या उभारल्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. शेजारची भिवंडी शांत राहिली. तथापि जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच शहरात हिंसाचार झाला. प्रतिबंध ही एकदा साधून संपणारी गोष्ट नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते.

उणिवा :
१) यशस्वी प्रयत्न पुढे का टिकतात वा का क्षीण होतात, याचा दीर्घकालीन अभ्यास अपुरा आहे.
२) अधिकाऱ्याचे नाव नोंदले जाते, समितीत बसणारा यंत्रमाग कामगार, दुकानदार वा गृहिणी इतिहासात येत नाही.
३) संशोधनाचा भर शहरी धार्मिक दंगलींवर राहिला. खैरलांजी (२००६) सारख्या ग्रामीण जातीय अत्याचारांना व घरातील हिंसेला प्रतिबंधाच्या चौकटीत पुरेसे स्थान मिळाले नाही.

निष्कर्ष :
मादन आयोगामुळे १९७० ची भिवंडी अभ्यासकांना वाचता येते. १९९२ ची शांत भिवंडी मात्र मुख्यतः माणसांच्या स्मरणात आहे. ती माणसे आता वृद्ध होत आहेत. त्यांच्या मौखिक मुलाखती व समित्यांची उपलब्ध कागदपत्रे जतन करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांचे इतिहास विभाग करू शकतात. हे काम लांबणीवर पडल्यास दंगलीचा पुरावा राहील, परंतु ती कशी टळली याचा राहणार नाही.