सौरऊर्जेवर चालणारे घरगुती ॲक्वापोनिक्स

ॲक्वापोनिक्स म्हणजे मत्स्यपालन आणि मातीविना भाजीपाला लागवड एकाच फिरत्या पाण्यावर करण्याची पद्धत होय. माशांच्या टाकीतील पाणी पंपाने वाफ्यात चढवले जाते आणि तेथे गाळले जाऊन पुन्हा टाकीत परतते. गच्चीवर वा अंगणात उभारलेल्या अशा संचाचे पंप सौरऊर्जेवर चालवता येतात. संचाची विजेची गरज अल्प, परंतु अखंड असते; सूर्यप्रकाश मात्र दिवसाच मिळतो. त्यामुळे रात्रीची तरतूद हा या रचनेचा गाभा ठरतो.

अखंड विजेची आवश्यकता

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट हे वनस्पतींचे पोषणद्रव्य आहे. मासे, जिवाणू व मुळे या तिघांनाही पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. पाणी तापले की तो कमी मावतो : २० अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. बहुतेक माशांसाठी हे प्रमाण ५ मिलिग्रॅमच्या वर राखणे इष्ट असते. दाटीने मासे सोडलेल्या टाकीत हवेचा पंप बंद पडल्यास ते काही तासांतच दगावू शकतात.

संचाचे आकारमान

१,००० लिटर पाणी एक मीटर उंच चढवण्यास तत्त्वतः केवळ २.७ वॅट-तास ऊर्जा लागते. लहान पंपांची कार्यक्षमता कमी असल्याने प्रत्यक्षात ती कित्येक पट लागते. उदाहरणार्थ, २० वॅटचा पाण्याचा पंप आणि १० वॅटचा हवेचा पंप चोवीस तास चालल्यास ७२० वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिटहून किंचित कमी वीज खर्च होते. दिवसाकाठी पाच तासांइतके पूर्ण ऊन आणि ३० टक्के घट गृहीत धरल्यास सुमारे २०० वॅटचे पॅनेल पुरते. पावसाळ्यासाठी ते ३०० वॅट वा अधिक ठेवावे लागते.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १,२०० वॅट-तास ऊर्जा साठते. बॅटरी टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वापरली जाते. चौदा तासांच्या रात्री दोन्ही पंपांना ४२० वॅट-तास लागतात, म्हणून एक रात्र निभावते. सलग ढगाळ हवामानात पाण्याचा पंप थांबवून केवळ हवेचा पंप चालवल्यास तीच ऊर्जा दोन दिवसांहून अधिक पुरते. म्हणून बॅटरी उतरू लागताच पाण्याचा पंप आधी बंद होईल अशी जोडणी केली जाते. या काळात माशांना खाद्य देणे थांबवतात, जेणेकरून अमोनिया साचत नाही. बॅटरीवर थेट चालणारे डीसी पंप वापरल्यास इन्व्हर्टरमधील घट टळते.

छतावरील सौरसंच आणि भारनियमन

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने'त घरगुती सौरसंचास कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. मात्र वीजवाहिनीशी जोडलेला, बॅटरीविना संच वीजपुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो, अगदी भर उन्हातही. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास विजेचा धक्का बसू नये, हा त्यामागील हेतू असतो. म्हणून असा संच असलेल्या घरातही हवेच्या पंपासाठी स्वतंत्र बॅटरी आवश्यक ठरते.

गरज कमी करण्याचे उपाय

- वाफे टाकीलगत व कमी उंचीवर ठेवून पाणी उतारानेच परत आणणे.
- टाकीवर सावली करून पाणी थंड राखणे.
- खाद्य सकाळी देणे. खाल्ल्यानंतर माशांची प्राणवायूची गरज वाढते आणि ती दिवसाच्या विजेवर भागते.
- माशांची संख्या मर्यादित ठेवणे.
- देशी मागूरसारखी, हवेतूनही श्वास घेणारी जात निवडणे. आफ्रिकन मागूरच्या पालनास भारतात बंदी आहे.

मर्यादा

पवनचक्कीची ऊर्जा वाऱ्याच्या वेगाच्या घनाशी समप्रमाणात असते. वेग निम्मा झाल्यास ऊर्जा एक अष्टमांश उरते. इमारतींच्या दाटीत वारा मंद व विस्कळीत असल्याने लहान पवनचक्की मुख्य स्रोत म्हणून क्वचितच पुरते. सौरसंचात बॅटरी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते आणि तिचा खर्च हिशेबात धरणे आवश्यक असते.