जुनी पद्मिनी उन्हाळ्यात तापते? कूलिंग सिस्टीम अपग्रेड करण्याआधी हे वाचा

उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला मोबाइल काय करतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. आधी ब्राइटनेस कमी होतो, मग चार्जिंग थांबतं, गेम अडकायला लागतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. जुन्या गाडीच्या इंजिनात अशी काही सोय नाही. तिथे डॅशबोर्डवर एक काटा असतो, आणि त्याच्याकडे लक्ष गेलं नाही तर इंजिन तापतच जातं.

माझं काम सॉफ्टवेअरचं, पण धर्मापुरीच्या घरी काकांची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिची देखभाल सध्या माझ्याकडे आहे. आमच्या बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. त्यामुळे "गाडी गरम होते, काय बसवू?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. बहुतेकांना उत्तर हवं असतं "मोठा फॅन". माझं उत्तर वेगळं आहे: आधी शोधा, मग साफ करा, आणि बसवायचं ते सगळ्यात शेवटी.

गाडीची थोडी ओळख

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीवर आधारलेली ही गाडी बनायची. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळालं. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडरचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. तिथला तिचा प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला.

आपल्या कामाची गोष्ट एकच. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून इंजिन जास्त तापलं की हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जातं. मग हेड उतरवून फेस मारून घ्यावं लागतं, आणि दर वेळी त्यातलं थोडं धातू कमी होतं. हे कितीही वेळा करता येत नाही, आणि चांगलं हेड शोधणं आता सोपं राहिलेलं नाही.

उष्णता जाते कुठे?

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यातून रेडिएटरकडे जातो. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात कूलिंग टॉवर असतात, त्यांचं कामही मुळात हेच: नको असलेली उष्णता हवेत सोडणं. पाणीच नसेल तर कितीही मोठी यंत्रणा बसून राहते. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

रेडिएटर किती उष्णता सोडेल हे त्याच्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा पाणी ९० अंशांवर आहे. हवा २५ अंश असेल तर फरक ६५. हवा ४२ अंश असेल तर फरक फक्त ४८. म्हणजे गाडी तीच, रस्ता तोच, पण रेडिएटरची ताकद सुमारे पाव हिश्शाने कमी. थंडीत लपलेला दोष मे महिन्यात उघडा पडतो तो यामुळे.

कधी तापते, ते आधी बघा

सॉफ्टवेअरमध्ये बग कुठे आहे हे कळल्याशिवाय कोड बदलत नाहीत. इथेही तेच. गाडी ट्रॅफिकमध्ये किंवा रेल्वे फाटकावर तापते आणि पळायला लागली की काटा खाली येतो? मग हवा कमी पडतेय. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर चालतो, इंजिनाचा वेग कमी झाला की त्याचाही होतो. पट्टा सैल आहे का, पाती तुटली आहेत का, हे पाहा.

मोकळ्या रस्त्यावर किंवा घाटात तापते? तिथे वारा भरपूर असतो. म्हणजे अडचण बहुधा पाण्याच्या फिरण्यात आहे: रेडिएटर चोंदलाय, वॉटर पंप थकलाय किंवा खालचा होज पाइप आतून मऊ होऊन चपटा होतोय. यावर मोठा पंखा बसवून उपयोग नाही.

आणि सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर गेला, तर पाण्याची पातळी आणि थर्मोस्टॅट बघा. सोबत रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर किंवा इंजिन ऑइल दुधाळ झालेलं दिसलं, तर गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. मग गाडी चालवू नका.

पद्मिनीला ओबीडी पोर्ट नाही, त्यामुळे मोबाइल ॲप लावून काही कळणार नाही. त्याऐवजी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, लांबून नेम धरून तापमान सांगणारा. गरम इंजिन बंद करून तो रेडिएटरच्या जाळीवरून फिरवा. आजूबाजूला गरम आणि मध्येच एखादा पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाहीये.

खरा गुन्हेगार: बोअरचं पाणी

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं जातं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी गरम करायच्या भांड्यात पांढरा थर जमतो ना, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या आत बसतो. तो उष्णता अडवतो. वर गाडी पाणी खाते म्हणून पुन्हा तेच पाणी भरलं जातं, आणि प्रत्येक वेळी क्षारांचा नवा हप्ता आत जातो.

म्हणून पहिला खरा अपग्रेड म्हणजे सफाई. रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडे द्या. तो टाकी उघडून नळ्यांमधून सळई फिरवतो. इंजिनाच्या बाजूने साध्या पाण्याने उलटा फ्लश करा. कोणी इंजिनातच कॉस्टिक सोडा टाकायला सांगितलं तर ऐकू नका, तो ॲल्युमिनियम खातो.

कूलंट आणि झाकण

इथे एक गैरसमज आहे. कूलंट पाण्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेत नाही, उलट थोडी कमीच नेतो. त्याचा फायदा वेगळा: गंज रोखतो आणि उकळायचं तापमान वाढवतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर ते मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं. त्यातलं इथिलीन ग्लायकोल विषारी आणि चवीला गोड असतं, म्हणून काढलेलं कूलंट अंगणात सोडू नका, कुत्री-मांजरं पितात.

रेडिएटरचं झाकण हा नुसता बूच नाही. आतला दाब १ पीएसआयने वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. रबर कडक झालेलं झाकण दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. ते बदला, पण मूळ दाबाचंच घ्या. नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण लावलंत तर जुन्या टाकीचे सांधे आणि होज पाइप फुटू शकतात.

आता इलेक्ट्रिक पंखा

सफाईनंतरही गाडी ट्रॅफिकमध्येच तापत असेल, तर इलेक्ट्रिक पंखा उपयोगी आहे, कारण तो इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो. शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा बसवा. वायरी उलट्या जोडल्या तर तो समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत बसेल, म्हणून कागदाचा कपटा धरून दिशा तपासा. १२० वॉटचा पंखा १२ व्होल्टवर १० अँपिअर करंट घेतो. तो थेट स्विचवर नको; रिले, फ्यूज आणि तापमानावर चालणारा थर्मोस्विच हवाच. गाडीत अल्टरनेटरऐवजी जुना डायनामो असेल, तर उभ्या गाडीत तो इतका करंट देऊ शकत नाही आणि बॅटरी उतरते. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवल्या तरी फरक पडतो, आणि ते काम स्वस्तातलं आहे.

थर्मोस्टॅट काढून टाका, असं बरेच मिस्त्री सांगतात. मला ते पटत नाही. त्याशिवाय इंजिन थंडीत वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. शंका असेल तर तो भांड्यातल्या पाण्यात टाकून तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडला तर चांगला आहे.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. म्हणून कापाकापी न करता, बोल्टने बसणारं आणि परत काढता येणारं सामानच वापरा, मूळ पंखा जपून ठेवा.

रस्त्यात तापलीच तर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. दाब सुटला की उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. थंड झाल्यावर झाकणावर जाड फडकं टाकून आधी अर्धा आटा फिरवा, वाफ जाऊ द्या, मग उघडा. गरम इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. डिकीत पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, एक जादा पट्टा आणि दोन होज क्लिप असू द्या.