फॉल्ट

फॉल्ट (नाम, पुल्लिंगी) : दोष, चूक, उणीव, बिघाड अशा अर्थांचा इंग्रजी शब्द. खेड्यापाड्यांत तो पोचला विजेच्या तारांवरून. बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा (ता. संग्रामपूर) हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. अशा गावांत लाइन गेली की पहिला प्रश्न येतो, लोडशेडिंग की फॉल्ट? लोडशेडिंगला वेळापत्रक असते, फॉल्ट मात्र शोधावा लागतो. फांदी तारेला टेकते किंवा इन्सुलेटर फुटतो, उपकेंद्रातला ब्रेकर ट्रिप होतो आणि लाइनमन फीडरचा एकेक भाग वेगळा करून तपासत जातो. इथे ‘फॉल्ट सापडला’ म्हणजे बिघडलेली जागा सापडली. दोषी माणसाचा त्यात संबंध नसतो.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘फालेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ फसवणे, चुकणे. जुन्या फ्रेंचमधल्या ‘फोत’मार्गे तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘कमतरता’ असा होता. ‘अपराध’ हा अर्थ मागाहून रुळला. त्यातला ‘ल’ विद्वानांनी लॅटिनकडे पाहून पुन्हा घातला, पण जिभेने तो सावकाश स्वीकारला. ऑलिव्हर गोल्डस्मिथने ‘द डेझर्टेड व्हिलेज’ (१७७०) या कवितेत ‘फॉल्ट’चे यमक ‘ऑट’शी जुळवले आहे. फेल, फॉल्स आणि कर्जखात्यावरचा ‘डिफॉल्टर’ ही याच कुळातली मंडळी.

मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘खोट’. वस्तूत खोट असते, व्यापारात खोट येते, मनातही खोट असते. आणि खोट–खोटा ही जोडी फॉल्ट–फॉल्स या जोडीसारखीच आहे. ‘दोष’ या शब्दाला इतका पैस नाही.

कोळसा खणताना थर एकाएकी तुटून हरवला, की इंग्रज खाणकामगार तिथे फॉल्ट आहे म्हणत. भूविज्ञानाने शब्द तिथूनच उचलला. शालेय भूगोलात त्याला प्रस्तरभंग म्हणतात. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने असाच एक प्रस्तरभंग जातो. त्याला गाविलगडचे नाव आहे. त्याच्या उत्तरेला डोंगर उभे राहिले, दक्षिणेची जमीन खचली आणि त्या खोलगट भागात पूर्णा नदीचा शेकडो मीटर जाडीचा गाळ साचला. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा याच गाळावर आहे आणि संग्रामपूर तालुक्यातील अनेक गावांच्या विहिरींना तेच खारे पाणी लागते.