'विनाअट' या शब्दाचा हिशेब

मराठवाड्यातील राजकीय भाषणांत एक वाक्य कित्येक दशके हमखास येत आले आहे: मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट सामील झाला. आरंभीच्या पिढीने ते अभिमानाने उच्चारले. भाषेच्या नात्यापुढे आम्ही सौदा केला नाही, असा त्याचा अर्थ होता. पुढच्या पिढ्यांच्या तोंडी तेच वाक्य तक्रार होऊन आले. अट घातली नाही म्हणून पदरात काही पडले नाही, असा त्याचा अर्थ झाला. एकाच शब्दाने इतका उलटा प्रवास करावा, तेव्हा त्या शब्दापाशी थोडे थांबणे भाग आहे. हैदराबाद राज्य सोडल्याने मराठवाड्याचा आर्थिक लाभ झाला की हानी झाली, हा सारा वाद या एका शब्दाभोवती फिरत राहिला आहे.

या वादात दोन वेगळ्या घटना नेहमी एकमेकींत मिसळल्या जातात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. पहिल्या घटनेने सत्ता बदलली, दुसरीने राजधानी बदलली. दोन्हींचे आर्थिक परिणाम वेगवेगळे आहेत, आणि ते वेगळे केल्यावाचून हिशेब जुळत नाही.

पहिल्या घटनेचा लाभ लातूरच्या बाजारपेठेत सर्वांत स्पष्ट दिसतो. निजामी राज्याचे चलन स्वतंत्र होते; सात हाली रुपयांना सहा कलदार, असा भाव होता. राज्याच्या सीमेवर करोडगिरीचे नाके होते आणि मालावर शेकडा पाच या दराने जकात बसे. लातूर ही निजामाच्या मुलखातली पेठ असली तरी तिचे तोंड पश्चिमेकडे होते. १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी लातूरपर्यंत आली आणि येथील माल बार्शी-कुर्डुवाडीच्या वाटेने ब्रिटिश मुलखात जाऊ लागला. या व्यापारात जकात आणि चलनबदल हा कायमचा भार होता. तो उतरला तो १९५० च्या आर्थिक एकात्मीकरणानंतर, टप्प्याटप्प्याने. म्हणजे लातूरला जो मोठा व्यापारी लाभ झाला, त्याचे श्रेय महाराष्ट्रात येण्याला नव्हे, भारतात येण्याला आहे. भाषिक राज्याच्या खात्यावर तो जमा करणे न्यायाचे नाही.

नांदेडची गोष्ट निराळी आहे. गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज लोहमार्ग १९०० मध्ये हैदराबाद आणि मनमाड यांना जोडणारा झाला. हायकोर्ट, सचिवालय आणि रेल्वेची मुख्य कचेरी हैदराबादेत होती. उच्च शिक्षणाची वाट उस्मानिया विद्यापीठाकडे जाई. नांदेडचे १९५० मध्ये निघालेले पीपल्स कॉलेजही प्रथम त्याच विद्यापीठाशी जोडलेले होते. मुल्की नियमांमुळे राज्याच्या नोकऱ्यांत येथील माणसाला काही संरक्षण होते. म्हणून १९५६ ची घटना नांदेडला जितकी जाणवली तितकी लातूरला जाणवली नाही. अर्थात जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. निजामसागरासारखी मोठी सिंचनाची कामे तेलंगणात झाली आणि संपत्ती राजधानीत साठत गेली. मराठवाड्याच्या वाट्याला सारा, सावकारी आणि जहागिऱ्या आल्या. हैदराबादचे विभाजन व्हावे, असे स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी म्हणत होते, त्यामागे भाषेच्या प्रेमाइतकीच ही सरंजामी चौकट मोडण्याची इच्छा होती.

आता खुद्द वादाकडे वळू. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यातील तेलंगणाविषयीची चर्चा आज वाचली तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तेलंगणाचे पुढारी पैशांच्या भाषेत बोलत होते. आमचे महसुलाचे उत्पन्न स्थिर आहे, आंध्राशी एक झाल्यास ते अनिश्चिततेत बुडेल, अशी भीती त्यांनी मांडली आणि आयोगाने ती नोंदवली. पुढे २० फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांनी आंध्राच्या नेत्यांशी सभ्य गृहस्थांचा करार केला. तो पाळला गेला नाही असे वाटताच १९६९ मध्ये तेथे आंदोलन पेटले, आणि त्या आंदोलनाच्या मध्यभागी तेलंगणाच्या शिलकी महसुलाचाच प्रश्न होता. मराठवाड्यात असा शिलकीचा आकडा कोणी हाती घेतला नाही. येथील वाद भाषेच्या, इतिहासाच्या आणि संतपरंपरेच्या आधारावर लढला गेला. एकाच राज्यातून निघालेल्या दोन प्रदेशांपैकी एकाने वही उघडली, दुसऱ्याने हात पुढे केला.

पण म्हणून मराठवाडा खरोखर विनाअट आला काय? कागद तसे सांगत नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भातील नेत्यांबरोबर मराठवाड्याच्या प्रतिनिधीचीही सही आहे. खर्चाचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे, आणि याबाबतचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, असे त्यात लिहिले आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद आली. मंडळांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेत मांडण्याची गोष्टही त्यातच आहे. तेव्हा अट होती. ती लेखी होती, पुढे ती राज्यघटनेतही गेली. नव्हते ते तिच्या अंमलबजावणीचे बंधन. निधीचे समन्यायी वाटप 'संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून' करायचे आहे, आणि मंडळे नेमण्याची जबाबदारी राज्यपालांवर सोपवणे राष्ट्रपतींच्या इच्छेवर आहे. ही मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, म्हणजे तरतुदीनंतर अडतीस वर्षांनी. त्यासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेला वर्षानुवर्षे झगडावे लागले.

या अडतीस वर्षांत काहीच झाले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आले, १९८१ मध्ये औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. जायकवाडी धरण याच काळातले. शंकरराव चव्हाणांच्या रूपाने नांदेडला मुख्यमंत्रिपद मिळाले. यांतील बरेच काही हैदराबादेत राहून मिळाले असते असे वाटत नाही. मात्र जे मिळाले ते पुरेसे होते की नाही, हे ठरवण्याचे माप कोणाकडेच नव्हते. ते माप प्रथम वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये दिले. राज्याच्या सरासरीशी जिल्ह्यांची तुलना करून समितीने एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरवला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा, म्हणजे शेकडा साडेतेवीसच्या आसपास होता. याच मोजणीत उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष सुमारे १,१८९ कोटी निघाला. सारा पश्चिम महाराष्ट्र सुखात आणि आम्हीच तेवढे उपेक्षित, या समजुतीला त्या आकड्याने धक्का दिला. मोजणीचा हाच गुण असतो. ती तक्रारीला बळ देते आणि तिच्या मर्यादाही दाखवते.

काही हानी मात्र रुपयांत मोजलीच गेली नाही. १९५६ च्या सीमारेषेने बीदर जिल्हा चिरला. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तालुके इकडे आले, आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. बीदर म्हैसूरकडे गेले. नांदेडच्या मुधोळ तालुक्यातील भैंसा-मुधोळचा भाग आणि देगलूरमधील बिचकुंदा, जुक्कल तेलुगू राज्यात गेले. पेठा एका राज्यात, त्यांची गिऱ्हाइके दुसऱ्या राज्यात, असे झाले. राज्य एका दिवसात बदलले, रूळ बदलायला मात्र फार वेळ लागला. नांदेडकरांना १९९० च्या दशकापर्यंत मुंबईसाठी मनमाडला गाडी बदलावी लागे, आणि लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला तो या शतकाच्या पहिल्या दशकात. नांदेडला २००३ मध्ये रेल्वे विभाग झाला, पण त्यावरचे क्षेत्रीय मुख्यालय सिकंदराबादच राहिले. गोदावरीचे पाणीही सीमेपाशी अडले. बाभळीचा २.७४ अब्ज घनफुटांचा बंधारा एका राज्यात असता तर तो पाटबंधारे खात्याच्या फायलीत मिटला असता. दोन राज्यांमुळे तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. उलट बाजूही सांगितली पाहिजे: २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे आली ती मिरजेहून.

हा सारा इतिहास पुन्हा उघडला गेला तो सीमेवरच्या गावांमुळे. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये धर्माबाद, बिलोली, देगलूरकडील गावांतून तेलंगणात जाण्याची मागणी झाली. तेलंगणात त्या वेळी शेतकऱ्याला एकरी हंगामाला पाच हजार रुपये आणि शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारत राष्ट्र समितीने तेलंगणाबाहेरची पहिली मोठी सभा नांदेडला घेतली, हे ओघानेच आले. त्याच वर्षी तो पक्ष तेलंगणात सत्तेवरून गेला आणि मागणीचा जोर ओसरला. मराठी अस्मितेचा हा द्रोह आहे, असे म्हणून काहींनी ती झटकून टाकली. आम्हाला तसे वाटत नाही. या गावकऱ्यांनी मराठी सोडली नव्हती. १९५६ मध्ये आपल्या वडीलधाऱ्यांनी जी वही उघडली नाही, ती त्यांनी उघडली होती. त्यांची तुलना अपुरी असेल. दोन-तीन योजनांवरून राज्याची निवड होत नाही आणि योजना सरकारबरोबर बदलतात. पण त्यांना उत्तर द्यायचे तर आकडे हवेत, आणि तेच आपल्यापाशी नव्हते. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली होती. ती पुन्हा स्थापण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केला तो २०२२ मध्ये.

मराठवाड्याने हैदराबाद सोडले ते योग्यच केले, असे आमचे मत आहे. मात्र ते मत म्हणून राहते, सिद्ध होत नाही, कारण ज्या वार्षिक अहवालांवरून ते सिद्ध व्हावे ते पहिल्या साडेतीन दशकांत लिहिलेच गेले नाहीत. एखादा प्रदेश एका संघातून निघून दुसऱ्यात जातो, तेव्हा त्याचा लाभ-तोटा निघण्याच्या दिवशी ठरत नसतो. तो पुढे वर्षावर्षाला ठरतो, आणि वर्षावर्षाला मांडावा लागतो. नागपूर करार करणाऱ्यांना हे कळले होते, म्हणून त्यांनी अहवालाचे कलम घातले. 'विनाअट' हा शब्द आपण जितक्या वेळा उच्चारतो तितक्या वेळा ते कलम विसरतो. शब्द सोडावा आणि कलम मागावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.