प्रोपेलरचे पिच नियंत्रण

प्रोपेलरचे पिच नियंत्रण म्हणजे विमान उडत असताना प्रोपेलरच्या (पंख्याच्या) पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा होय. पाते फिरण्याच्या प्रतलाशी जो कोन करते त्याला पाते-कोन म्हणतात. व्यवहारात त्यालाच 'पिच' हा शब्द रूढ आहे. पिस्टन एंजिनाच्या वेगवान विमानांत आणि सर्व टर्बोप्रॉप प्रवासी विमानांत ही यंत्रणा असते.

== गरज ==
प्रोपेलरचे पाते एकाच वेळी गोल फिरते आणि विमानाबरोबर पुढेही सरकते. त्यामुळे त्याच्यावर येणाऱ्या हवेची दिशा विमानाच्या वेगानुसार बदलते. उदाहरणार्थ, मिनिटाला २,४०० फेरे घेणाऱ्या प्रोपेलरच्या पात्यावरील, आसापासून ०.७५ मीटर अंतरावरचा बिंदू सेकंदाला सुमारे १८८ मीटर वेगाने फिरतो. विमानाचा वेग सेकंदाला ३० मीटर असताना तेथे हवा फिरण्याच्या प्रतलाशी सुमारे ९ अंशांनी येते. वेग ८० मीटर झाल्यावर तीच सुमारे २३ अंशांनी येते. पात्याने या हवेला तीन-चार अंशांच्या कोनात सामोरे गेले तर चांगला रेटा मिळतो. म्हणजे उड्डाणाच्या वेळी १३ अंश योग्य, तर वेगात असताना २७. पाते १३ अंशांवरच पक्के बसवले असेल, तर वेग वाढल्यावर ते पुढे ओढण्याऐवजी उलट विरोध करू लागते. स्थिर कोनाचा प्रोपेलर म्हणजे कसारा घाट चढायला आणि सपाट महामार्गावर धावायला एकच गिअर असण्यासारखे आहे.

== इतिहास ==
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरले. त्यांच्या 'पस मॉथ' विमानाचा दोन पात्यांचा प्रोपेलर स्थिर कोनाचा होता. त्याच सुमारास अमेरिकेत हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीत फ्रँक कॉल्डवेल यांनी तेलाच्या दाबावर कोन बदलणारा प्रोपेलर व्यवहारात आणला आणि त्यासाठी कंपनीला १९३३ ची कॉलिअर ट्रॉफी मिळाली. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे एअर इंडिया झाले, तेव्हा कंपनीच्या सेवेत आलेल्या डकोटा विमानांना याच कंपनीचे तीन पात्यांचे, आपोआप कोन बदलणारे प्रोपेलर होते. दोन्ही विमानांमध्ये अवघ्या चौदा वर्षांचे अंतर आहे.

== कार्यपद्धती ==
स्थिरगती प्रोपेलरमध्ये वैमानिक कोन ठरवत नाही. तो फेऱ्यांचा वेग ठरवतो. कोन गव्हर्नर ठरवतो. गव्हर्नरमध्ये एंजिनाबरोबर फिरणारी दोन छोटी वजने आणि त्यांना आत दाबणारी स्प्रिंग असते. वैमानिकाच्या लिव्हरने (बहुतेक विमानांत तिची मूठ निळी असते) स्प्रिंगचा ताण बदलतो. फेरे वाढले की वजने बाहेर फेकली जातात आणि एक झडप सरकून प्रोपेलरच्या तुंब्यातील तेलाचा दाब बदलतो. पाते-कोन वाढतो, एंजिनावर भार येतो व फेरे पूर्ववत होतात. फेरे कमी झाल्यास याच्या उलट घडते.

तेलाचा दाब नाहीसा झाल्यास पाते कोणत्या बाजूला जाईल, हा या रचनेतील कळीचा प्रश्न आहे. एकएंजिनी विमानात दाब बहुधा कोन वाढवतो. दाब गेल्यास पाते लहान कोनाकडे येते आणि एंजिन चालू असेल तर थोडाफार रेटा मिळत राहतो. द्विएंजिनी विमानात व्यवस्था उलटी असते. तेथे दाब कोन लहान ठेवतो. दाब गेला की प्रतिवजने आणि स्प्रिंग पात्याला हवेच्या प्रवाहाला जवळपास समांतर करतात. या स्थितीला फेदरिंग म्हणतात. बंद पडलेल्या एंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहिला, तर त्या बाजूला प्रचंड विरोध होऊन विमान तिकडे वळते; फेदरिंगने तो टळतो. लहान पिस्टन विमानांत मात्र जमिनीवर एंजिन बंद करताना पाते फेदर होऊ नये म्हणून खिट्ट्या असतात. फेरे फार कमी झाले की त्या अडकतात; म्हणून हवेत एंजिन बंद पडल्यास फेरे पुरते उतरण्याआधीच फेदर करावे लागते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अलायन्स एअरने मुंबई–सिंधुदुर्ग सेवा सुरू केली ती एटीआर ७२ विमानाने. त्याचा सहा पात्यांचा प्रोपेलर उड्डाणाच्या वेळी मिनिटाला १,२०० फेरे घेतो आणि नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. धावपट्टीवर उतरल्यावर हीच पाती उलट कोनात वळवून विमान थांबवता येते.

== अपघात ==
फेदर आणि उलट कोन या दोन्ही टोकांच्या स्थिती हवेत चुकीच्या वेळी आल्यास घातक ठरतात. ६ नोव्हेंबर २००२ रोजी लक्झेंबर्ग येथे उतरण्याच्या बेतात असलेल्या फोकर ५० विमानाची पाती जमिनीवरच वापरावयाच्या कोनात गेली. विमानातील २२ पैकी २० जण मरण पावले. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे यती एअरलाइन्सचे एटीआर ७२ कोसळून सर्व ७२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत पाच भारतीय होते. फ्लॅपच्या लिव्हरऐवजी कंडिशन लिव्हर फेदर स्थितीत ओढल्या गेल्या, असा चौकशीचा निष्कर्ष होता. दोन्ही एंजिने चालू होती, पण पात्यांपासून रेटा मिळत नव्हता.