मुंबईच्या दंगली आणि ‘पहिल्यापासूनचं’ वैर

मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, “सर, आपलं आणि त्यांचं पहिल्यापासूनच पटत नाही ना?” ‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं हे त्याने सांगितलं नाही आणि वर्गात कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना कळलं होतं. उत्तर म्हणून मी मुलांना मुंबईच्या चार दंगली सांगितल्या. त्याच इथे मांडतो.

पहिली 1851ची. ‘चित्र ज्ञान दर्पण’ या पारशी संपादकाच्या गुजराती नियतकालिकात पैगंबरांविषयी चित्रासह मजकूर छापून आला आणि ऑक्टोबरमध्ये मुसलमानांच्या जमावाने पारशांवर हल्ले केले. दुसरी 1874ची. वॉशिंग्टन अर्विंग या अमेरिकन लेखकाच्या पैगंबर-चरित्राचा आधार घेऊन एका पारशी गृहस्थाने गुजरातीत पुस्तक काढलं. 13 फेब्रुवारीला, शुक्रवारच्या नमाजनंतर, जमाव पारशांच्या घरांवर आणि अग्यारींवर चालून गेला. आपल्याच लोकांनी दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळावर हात उचलला, हे लिहिताना जड जातं. पण इतिहास शिकवायचा तर सोयीचा तेवढाच शिकवून चालत नाही.

मुलं चकित झाली. पारशांशी आपलं कधी भांडण होतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आज ते कुणालाच आठवत नाही.

तिसरी दंगल 1893ची, हिंदू-मुसलमानांची. त्याआधी काही वर्षं गोरक्षणाची चळवळ जोरात होती. जुलैमध्ये मोहरमच्या वेळी काठेवाडात प्रभास पाटणला दंगल झाली. तिच्या बातम्या मुंबईत आल्या, पीडितांसाठी सभा आणि वर्गण्या सुरू झाल्या, अफवा पसरल्या. 11 ऑगस्टला, शुक्रवारीच, जुम्मा मशिदीजवळ ठिणगी पडली. मग गिरणी कामगारही त्यात ओढले गेले. पाऊणशेच्या आसपास माणसं मेली. गंमत अशी की तोवर पुण्या-मुंबईत हिंदू मोठ्या संख्येने ताबुतांच्या मिरवणुकीत सामील होत. पुढच्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला आणि ताबुतांमधला हिंदूंचा सहभाग ओसरला.

चौथी 1921ची. 17 नोव्हेंबरला इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. असहकार आणि खिलाफतीचे ते दिवस. हिंदू आणि मुसलमान एकत्र बहिष्कारात होते. युवराजांच्या स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन लोकांवर त्यांनी मिळून हल्ले केले, मग उलट हल्लेही झाले. पन्नासहून अधिक लोक दगावले. गांधीजी तेव्हा मुंबईतच होते. त्यांनी उपोषण केलं आणि शहर शांत झाल्यावर 22 तारखेला ते सोडलं.

म्हणजे सत्तर वर्षांत एकाच शहरात बाजू दोनदा बदलल्या. 1893ला एकमेकांवर तुटून पडलेले समाज अठ्ठावीस वर्षांनी एकाच जमावात होते. वैर रक्तात असतं तर असं झालं असतं का?

मग भांडण होतं कशाने? ठिणगी प्रत्येक वेळी वेगळी: चित्र, पुस्तक, लांबच्या गावची बातमी, युवराजांची स्वारी. पण खालचं जळण बरंचसं सारखं आहे. 1851च्या सुमारास पारशी समाज व्यापारात आणि इंग्रजी शिक्षणात पुढे निघाला होता, तर मुसलमानांपैकी अनेकजण खलाशी आणि कारागीर होते. 1893च्या मुंबईत गावाकडून आलेली माणसं दाटीच्या वस्त्यांत राहून गिरण्यांत राबत होती. 1921मध्ये सरकारच्या बाजूने कोण आणि विरोधात कोण, असा हिशेब मांडला जात होता. आपण मागे पडतोय, आपला अपमान होतोय, अशी भावना आधी साचते. मग कुणीतरी तिला ‘ते’ असं नाव देतो. त्यानंतर शेजारचा दुकानदार दुकानदार राहत नाही, ‘त्यांच्यातला’ होतो. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नात तो शब्द आलाच होता. दंगल दिसते ती नंतर, दगड पडल्यावर.

तास संपताना त्याच मुलाने हळूच विचारलं, “मग सर, पारशांशी आपलं मिटलं कसं?” याचं तयार उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. पुढच्या तासाला आम्ही त्यावरच बोलणार आहोत.