मराठी प्रदेशातील ख्रिस्ती धर्मसंवाद : स्टीफन्स, टिळक आणि दिब्रिटो

प्रस्तावना

ख्रिस्ती मिशनांच्या कार्याचे मूल्यमापन बहुधा शाळा, दवाखाने आणि बाप्तिस्म्यांची संख्या यांच्या आधारे केले जाते. त्यातून चर्चचा विस्तार कळतो. परंतु धर्माबाहेरील माणसाशी चर्चचे नाते कसे जडले, हे कळत नाही. प्रस्तुत निबंधात तीन कालखंडांतील तीन व्यक्तींच्या कार्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. लोकभाषेचा स्वीकार ही संवादाची पहिली अट होय. पण ती पुरेशी नाही. बोलणाऱ्यामागे कोणती सत्ता उभी आहे आणि ऐकणाऱ्याला काय गमवावे लागते, या दोन बाबीही तितक्याच निर्णायक ठरतात.

फादर स्टीफन्स : भाषा आणि सत्ता

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला त्याच घाटाचे, पण ख्रिस्तकथा सांगणारे काव्य द्यावे, हा त्यामागील हेतू होता. मराठीचे सामर्थ्य जाणणारा परकीय कवी म्हणून स्टीफन्स यांचे स्थान वादातीत आहे.

तथापि, ज्या साष्टीत हे पुराण वाचले गेले, तेथील मंदिरे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन अस्तित्वात होते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेच्या वापरावरच बंदी घातली. त्यामुळे 'ख्रिस्तपुराण' धर्मांतरितांचा आधार बनले, तरी धर्माबाहेरील समाजाशी मोकळा संवाद घडण्यास तेथे अवकाश उरला नव्हता.

रेव्हरंड टिळक : मिशनच्या कुंपणाबाहेर

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले. १८३१ पासून अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे त्याचे महत्त्वाचे केंद्र बनले आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. शिक्षण व मुद्रण यांद्वारे मिशनने मोठे कार्य केले. मात्र धर्मांतरित माणूस आपल्या समाजातून तुटून मिशनच्या आश्रयाला येई.

या तुटण्याचा अनुभव नारायण वामन टिळकांनी घेतला होता. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधल्या ताटातुटीचे चित्रण त्यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग, भजन व कीर्तन यांतून मांडली. त्यांच्यासाठी तुकोबांची परंपरा हा बाह्य पेहराव नव्हता; तिच्याच वाटेने ते ख्रिस्तापर्यंत आले होते. १९१७ मध्ये मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान दिले. १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे हा प्रयोग फुलण्यापूर्वीच थांबला.

येथे एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. मूळ समाजाशी नाते न तोडण्याचा आग्रह ब्राह्मण कुटुंबातून आलेल्या टिळकांसाठी स्वाभाविक होता. अहमदनगर जिल्ह्यातील महार व मांग समाजांतून ख्रिस्ती झालेल्या अनेकांसाठी मात्र जुन्या गावव्यवस्थेपासून दूर होणे हीच मुक्तीची आशा होती. गमावण्यासारखे काय आहे, याचे उत्तर जातीनुसार बदलते. शिवाय धर्मांतरानंतरही जातिभेद पूर्णपणे संपला नाही, त्यामुळे ती आशाही अंशतःच फळाला आली.

फादर दिब्रिटो : शेजारधर्म

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) अन्य धर्मांशी संवादाची भूमिका स्वीकारली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या कार्यात ती मराठी रूपात दिसते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, 'सुबोध बायबल' आणि हरित वसईच्या चळवळीतील सहभाग यांमुळे ख्रिस्तीतर मराठी माणसालाही ते आपले वाटले. पाणी व जमीन यांच्या रक्षणासाठी उभा राहणारा धर्मगुरू श्रोत्याकडून धर्मांतराची अपेक्षा ठेवीत नव्हता. २०२० च्या उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला, यावरून जुना संशय पूर्णतः मावळलेला नाही, हेही स्पष्ट होते.

निष्कर्ष

स्टीफन्स यांच्याकडे भाषा होती. परंतु सत्तेची छाया दूर करणे त्यांच्या हाती नव्हते. टिळकांनी मिशनची चौकट ओलांडली. परंतु त्यांना अवधी मिळाला नाही. दिब्रिटोंनी समान नागरी प्रश्नांवर शेजाऱ्यांबरोबर उभे राहून विश्वास मिळवला. चर्चला धर्माबाहेरील माणसापर्यंत पोहोचावयाचे असेल, तर त्याच्या भाषेत बोलण्याबरोबरच त्याच्या प्रश्नांत सहभागी होणे आणि स्वतःमधील जातिभेदाचा प्रामाणिक विचार करणे अपरिहार्य आहे. ज्या समाजाच्या स्मृतीत धर्मप्रसार सत्तेशी जोडला गेला आहे, तेथे निरपेक्ष सहवासाशिवाय विश्वास निर्माण होत नाही, हेच या तीन उदाहरणांवरून दिसून येते.